दारावरून गेलेली पालखी

चप्पल काढली की वहिनी आधी आमच्या गॅलरीत जायच्या आणि कुंडीतल्या मातीत बोट खुपसायच्या. मग ते बोट माझ्या नाकासमोर धरायच्या.

"ओल हाय ना? मग पाणी कशाला ओततेस गो? बुडवून मारशील त्याला."

त्यानंतर चहा.

कुवेतमध्ये, फरवानियातल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. गाव गुहागरकडचं. यजमान मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत. मी पुण्याहून आलेली, बँकेत नोकरी करणारी. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, जिला दुसऱ्याच्या घरातलं वाळकं पान बघवत नाही.

थंडी सरत आली की त्या मजल्यामजल्यावर फिरायच्या. "मेथी उपटा आता. भेंडी, गवार टाका. कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा, ती तव्यासारखी तापते. मुळाशी सुका पाला पसरा." कधीपर्यंत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "शिमग्याआधी."

विचारणारी केरळची असो की इजिप्तची, तिला मग शिमगा म्हणजे काय तेही ऐकावं लागे. एकदा जिन्यात त्यांनी शिमग्याच्या सोंगांतला संकासुर करून दाखवला. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, सगळं हातवाऱ्यांनी. पण पाय असे आपटले की इमारतीचा रखवालदार धावत वर आला.

फेब्रुवारीच्या शेवटी इथल्या राष्ट्रीय सणाला मुलं झेंडे फडकवत, एकमेकांवर पाणी उडवत रस्त्यावर येतात. वहिनी गॅलरीतून ओणवून बघायच्या. "बघ, यांचाही शिमगाच!" खूप हसायच्या. मग आत जाऊन उगाचच ओटा पुसत बसायच्या.

कुवेतला आल्यापासून त्यांना स्वतःचा शिमगा मिळालाच नव्हता. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, नाहीतर यजमानांना रजा नाही. गावी ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. यांच्या घरी ती सासूबाई एकट्याच घेत. पालखी अंगणात आली की त्यांचा फोन यायचा.

"पुढच्या वर्षी ये गो. माझ्याच्यानं आता ताट उचलवत नाय."

"येते ना, आई."

धाकटा कॉलेजला भारतात गेला, त्या वर्षी वहिनींनी तिकीट काढलं. देवीची ओटी भरायला हिरवी साडी घेतली, ती सगळ्या मजल्यांवर दाखवून झाली. आणि शिमग्याच्या आठवडाभर आधी सासूबाई गेल्या. वहिनी मिळेल त्या विमानानं निघाल्या.

त्या परत आल्यावर मी भेटायला गेले. साडी घडीसुद्धा न मोडता पलंगावर पडलेली.

"सुतक होतं," त्या म्हणाल्या. "सुतकाच्या घरी पालखी येत नाय."

साडीवरून हात फिरवत पुढं सांगू लागल्या. "मी दाराआड बसलेली. ढोल शेजारच्यांकडे वाजला, मग आमच्या दारासमोर आला न् वाजायचा थांबला. आईंचा मान राखला गो त्यांनी. नुसते पाय वाजत होते. पुढल्या घराशी ढोल परत सुरू झाला. एवढी वर्षं वाट बघितली, आणि दारावरून गेली."

त्या रडल्या नाहीत. मलाच हुंदका आवरेना.

उन्हाळ्यात त्यांनी परत जायचं ठरवलं, कायमचं. यजमान म्हणाले, "दोन वर्षांत मी रिटायर होतोय. मग जाऊ की दोघं."

"म्हणजे आणखी दोन शिमगे. कुलपासमोर पालखी कशी थांबेल?"

कुंड्या त्यांनी घरोघर वाटल्या, प्रत्येकीला वेगळी तंबी देऊन. यजमान एका मित्राच्या खोलीत राहायला गेले. समोरच्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी लागली. आता मला गॅलरीत कुणी रागवत नाही, आणि हे इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

यंदा मार्चमध्ये मी ऑफिसात जेवत असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. केसात अबोली, चेहरा घामानं डबडबलेला. "आली गो, आली!" एवढं म्हणून त्यांनी फोन कुठंतरी उताणा ठेवला. पडद्यावर फक्त पडवीची कौलं. खाली ढोल, आरोळ्या, कुणीतरी देवीला मोठ्यानं घातलेलं गाऱ्हाणं, आणि मधूनच वहिनींचा आवाज. त्या हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

"काय बघतेयस?" शेजारच्या टेबलावरच्यानं डोकावून विचारलं. "काहीच तर दिसत नाहीये."

मी फोन डब्याला टेकवून ठेवला. ढोल लांब जाईपर्यंत जेवले नाही.