बंबावरचं धुकं

सदऱ्याची एक बाही कडक इस्त्रीची, दुसरी अजून चुरगळलेली, आणि माईला मधेच आठवलं की आगीच्या बंबाला चकाकीचा शेवटचा थर द्यायचा राहिलाय. झालं! वाफेची इस्त्री तशीच फुसफुसत उभी ठेवून तिने त्याच टेबलावरचा एअरब्रश उचलला.

माईचा हात गॅरेजात गाड्या रंगवून बसलेला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने काम सोडलं नाही, गाड्याच लहान केल्या. आता तळहातावर मावणाऱ्या गाड्यांवर ती पेनाएवढ्या नळीतून रंगाची फुंकर घालते. नवरा तिला फुस्सबाई म्हणतो, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की मुकाट्याने टीव्हीचा आवाज वाढवतो.

आजचा बंब तिच्या वडिलांचा होता. बाबांनी उभा जन्म असाच बंब चालवला. एक डोळा केव्हाच गेलेला. दुसऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि पट्टी आज घरीच काढायची होती. बाबांनी बजावलं होतं, "डोळा उघडला की आधी माझा बंब. तुमची तोंडं काय, रोजचीच आहेत."

माईने देवाचं नाव घेऊन चकाकीच्या लॅकरचा थर मारला, तोच नवरा बाबांना हाताला धरून आत घेऊन आला. बाबांना कुठला दम! खुर्चीत बसल्या बसल्या पट्टी काढायला लावली. माईने बंब त्यांच्या डोळ्यासमोर धरला.

"माई," बाबांचा आवाज खोल गेला, "सगळं धुकं आहे गं. पांढरंफटक. गेला हाही डोळा."

नवरा घाबरून पुढे वाकला. "बाबा, माझ्याकडे बघा बरं!"

बाबांनी बघितलं. "तुम्ही दिसताय, जावईबापू. कानातले केससुद्धा दिसतायत. नको तितके स्पष्ट."

आता माईने हातातल्या बंबाकडे पाहिलं. अगं बाई! लालभडक बंब ताकात बुडवून काढल्यासारखा. इस्त्रीची वाफ ओल्या लॅकरवर बसली होती.

"बाबा, डोळा ठणठणीत आहे! बंबालाच मोतीबिंदू झालाय!"

"कार्टे! आगीत न हरलेला बंब वाफेने मारलास?"

नवरा इस्त्री घेऊन बाहेर पळाला. माईने खिडक्या उघडल्या, हवा कोरडी होऊ दिली, एअरब्रशमध्ये सावकाश वाळणारं नुसतं थिनर भरलं आणि लांबून हलकेच फुस्स केलं. धुकं विरायला लागलं.

"शिडी आली!" बाबा खुर्चीतूनच ओरडायला लागले. "घंटा आली! दार आलं! अगं, माझ्या कोपराने दारावरचा रंग उडून डाग पडला होता, तोही रंगवलास?"

"तोही."

बाबा इतके हसले की डोळा भरून आला.

"पाणी नको हं बाबा, डॉक्टर रागावतील."

"बंबवाला आहे मी, पाणी येणारच!"

"बरं, थेंब कधी घालायचेत?" माईने नवऱ्याला विचारलं. त्याने कपाळावर हात मारला.

सदऱ्याची दुसरी बाही तशीच राहिली. माईने पायात चपला सरकवल्या आणि बाबांच्या डोळ्याचे थेंब आणायला ती औषधाच्या दुकानात निघाली.