सरड्याचं पोट भाजलं तेव्हा

बाळांनो, तुमचा सरडा जिवंत आहे, हे आधी लिहिते.

तुम्ही ब्रिस्बेनला गेलात तेव्हा त्याला नेता येणार नव्हतं. असा प्राणी दुसऱ्या देशात न्यायची परवानगीच नाही. म्हणून तो इथे रोटोटुनातच आमच्याकडे राहिला, आमच्यासारखाच. जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, त्याच्या पेटीतला ऊब देणारा दिवा गेला. आजोबांनी आपली गुडघा शेकायची गरम पाण्याची पिशवी त्याच्याखाली सरकवली आणि पेपर वाचत बसले. सरडा हलला नाही. या प्राण्यांचं पोट भाजलं तरी ते उठून जात नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तासाभराने पाहिलं तर खवले तपकिरी झालेले आणि मधोमध फोड.

आजोबांनी लगेच तूप चोपडलं.

"अहो, त्याला काय पुरणपोळीबरोबर वाढायचंय?"

"आमच्या आईनं आयुष्यभर हेच लावलं. तू गप्प बस."

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना आधी ते सगळं तूप पुसून काढावं लागलं. भाजल्यावर साधं गार पाणी घालायचं, तूप नाही आणि बर्फही नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, जखमेसाठी चांदी मिसळलेलं मलम दिलं आणि पेटीतली वाळू काढून कागद घालायला सांगितला. बरा व्हायला काही महिने लागतील, कदाचित होणारही नाही. नाहीतर आत्ताच इंजेक्शन देऊन कायमचं झोपवता येईल, असंही त्या म्हणाल्या.

मी तुमच्या बाबाला फोन केला.

"आई, झोपवून टाक ना. मुलं कधीच विसरली त्याला."

"तू विचारलंस त्यांना?"

"मीटिंगमध्ये आहे गं."

मी त्याला घरी आणलं. रोज सकाळी आजोबा त्याला मफलरमध्ये धरायचे आणि मी जखम धुऊन मलम लावायची. चुकलं, असं आजोबा एकदाही म्हणाले नाहीत. पण त्याला घट्ट, हात जराही न हलवता धरायचे. कातडी तुकड्यातुकड्यांनी निघाली. आता पोटावर काळा, जाड व्रण आहे आणि तो पुन्हा खातो.

रविवारी व्हिडिओवर मी त्याला कॅमेऱ्यासमोर धरलं. तुमच्यातला धाकटा म्हणाला, "बट डॅड सेड ही डाइड!"

"आई, नंतर बोलतो," म्हणत बाबाने फोन घेतला. तेवढ्यात तुमच्यामागे काचेची नवी पेटी दिसली. अजगराच्या पिल्लासाठी, असं थोरली म्हणाली. तिकडे साप पाळता येतात म्हणे, इथे बंदी आहे.

तुम्ही त्याच्यासाठी रडून मोकळे झाला होतात. तो जगला, हे कुणालाच सोयीचं नव्हतं.