बंद झालेला पियानो

नात अभ्यास करताना मोबाइलवर पियानो लावते. एक सूर वाजतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग हळूच दुसरा. काल ते ऐकताना भाजी निवडायचे माझे हात थांबले.

तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मलकापूरला कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरकडे मी सासूबाईंसोबत गाद्यांना टाके घालायला गेले होते. खोलीभर नव्या कापसाचा वास होता. मॅनेजरच्या बाई मुंबईच्या. पलीकडे बसून त्या पियानो वाजवत होत्या, अगदी असाच, थांबत थांबत. सूर विरला की मला वाटायचं, संपलं. मी दोरा ओढायला जायची आणि पुढचा सूर यायचा. शेवटी मी दोरा ओढायचाच सोडला.

बाईंनी वळून मला विचारलं, "आवडलं? आणखी एक वाजवू?"

मी मान खाली घातली. नव्या सुनेनं सासूपुढे मान खाली घातली, की आमच्याकडे ते हो असायचं. बाईंना ते कसं कळावं? "बरं, राहू दे," म्हणाल्या आणि त्यांनी झाकण लावलं.

परतताना सासूबाई म्हणाल्या, "काऊन नाही बोलली व? मलेबी आयकाचं होतं."

"मंग तुम्हीच म्हणाचं होतं, आत्याबाई."

"मले कुठं इचारलं त्यायनं? तुले इचारलं."

गाद्या त्याच दिवशी पुऱ्या झाल्या होत्या. त्या घरी पुन्हा जायला आम्हा दोघींना काही कारण उरलं नव्हतं.