जेवढा गेला तेवढा

आसेगावच्या आमच्या घरी बोअरचा नळ धरला की आईच्या हाताला झिणझिण्या यायच्या. म्हणून मालेगावहून मोटरसायकलवर एक मिस्त्री आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानं पिशवीतून चिमट्यासारखं तोंड असलेला मीटर काढला आणि चालू पंपाच्या एका वायरीभोवती मिटवला. सहा अँपिअर. दुसऱ्या वायरीतही जवळपास तेवढेच. मग त्यानं दोन्ही वायरी एकदम चिमट्यात घेतल्या.

"आता बारा दाखवेल," मी म्हणालो. मी शाळेत विज्ञान शिकवतो.

"शून्य पायजे, मास्तर," तो मीटरवरची नजर न हलवता म्हणाला. "करंट एकीतून जाते, दुसरीतून येते. जेवढा गेला तेवढा वापस आला पायजे. नाही आला, त बाहेर फिरून राह्यला समजा."

आकडा शून्याच्या किंचित पुढे होता. तेवढ्यासाठी पंप बंद करून तो तासभर केबलवरून बोट फिरवत बसला. बोअरच्या लोखंडी पाइपाच्या तोंडाशी केबल घासलेली जागा सापडली. ती टेपनं गुंडाळून त्यानं पंप लावला आणि मीटरवर शून्य उमटलं.

मी बघतच राहिलो. नळातून पाणी धो धो पडत होतं आणि ते वर ओढणारा करंट कणभरही न घटता परत जात होता. हेच मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो.

आई पुढे झाली, तसं त्यानं तिला हातानं थांबवलं. चपला काढून तो ओल्या जमिनीवर उभा राहिला आणि आधी स्वतःचा ओला तळवा नळावर ठेवला.

"धरा आता, मावशी."