पेटीच्या झाकणातला फोटो

रामेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी टँकरवाल्याशी भांडत होते. निम्मी टाकी भरून तो पाइप गुंडाळायला लागला आणि माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य निघून गेलं, "थांबा, फौजीमामांना बोलावते." फौजीमामा म्हणजे रामेश्वरच. तेवढ्यात त्यांच्या पुतणीचा, मनीषाचा फोन. "आत्या, काका गेले... चहा पिता पिता." मी तिथेच पायरीवर बसले. टँकरवाल्याने मुकाट्याने पाइप सोडला आणि टाकी काठोकाठ भरून गेला.

त्याला दीड महिना झाला. आज जे लिहिते आहे ते लिहायची मुभा त्यांनी स्वतःच देऊन ठेवली होती. "मी गेल्यावर खुशाल लिहा, बाई," एकदा हसत म्हणाले होते, "मेलेल्या मानसाचं कोर्ट मार्शल होत नाय."

आमची ओळख झाली ती बघण्याच्या कार्यक्रमात. मी मुलगी, ते मुलगा! करमाडजवळच्या आमच्या गावात तेव्हा लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. माझ्या वडिलांना, आप्पांना, मला उजवायची घाई झाली होती. स्थळ तर घरी चालून आलेलं. वैजापूरकडचं शेतकरी घर, मुलगा फौजेत, निर्व्यसनी. पोहे झाले. कुणीतरी शहरी थाटात म्हणालं, "पोरापोरीला बोलू द्या जरा," आणि आम्हाला गोठ्याशेजारच्या ओट्यावर बसवलं. मी पदर चाचपत होते. त्यांनी हातातला पेला थेंबही न सांडता संपवला, खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "मला बाईमानसाची ओढ नाय. कधीच नव्हती. फौजेत कळलं तर वर्दी उतरवून हाकलतील. पन तुमाला न सांगता तुमच्या गळ्यात हार घालनं... ते मला जमायचं नाय."

मी एकोणीस वर्षांची. जगात असं काही असतं हेही मला धड ठाऊक नव्हतं. एवढं मात्र कळलं, की हा माणूस आपलं अख्खं आयुष्य एका अनोळखी पोरीच्या हाती देऊन बसला आहे. मी आत जाऊन आप्पांच्या कानावर घातलं असतं, तर त्यांच्या पलटणीत पत्र जायला आठवडा लागला नसता. आज इतकी वर्षं झाली, त्या दहा मिनिटांचा विचार केला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. सीमेवर उभं राहायला धाडस लागतंच, पण त्या ओट्यावर बसायला किती लागलं असेल!

"मग नाही म्हणून टाका," मी म्हटलं.

"मी नाय म्हनलो तर लोक तुमच्यात खोट काढतील. तुमी नाय म्हना." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पलटनीत जो तो पेटीच्या झाकनात बायकोचा फोटो लावतो. नायतर ठरलेल्या पोरीचा. माझं झाकन कोरं. आदी चेष्टा करायचे, आता संशयानं बघायला लागलेत..."

कुठून सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "माझा फोटो आलाय ना तुमच्याकडे? परत नका पाठवू."

त्या काळी मोडलेल्या स्थळाकडून फोटो परत यायचा, ही रीतच होती. पोरीचा फोटो परक्या पुरुषाकडे राहणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणं. मी "मला फौजी नको" म्हणून हट्ट धरला, आणि वर फोटोही येईना. आप्पांनी तीन पत्रं टाकली. तिकडून प्रत्येक वेळी तेच उत्तर, सापडत नाही. आप्पा दोन वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत आणि गावाने मला शिष्ट ठरवलं. फार मोठा त्याग वगैरे केला असं कुणी समजू नये, मला डी.एड. पूर्ण करायचं होतं. माझाही स्वार्थ होताच.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न झालं, वाळूजच्या कारखान्यात नोकरी करणारा नवरा मिळाला. लग्नाआधीच मी त्यांना त्या फोटोचं सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बिचाऱ्याला राहू दे की." रामेश्वर सुट्टीवर आले की आमच्याकडे एक दिवस राहायचे. पोरं त्यांना फौजीमामा म्हणायची. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि बीड बायपासला, आमच्याच कॉलनीत प्लॉट घेऊन राहिले. शहर चहूबाजूंनी वाढत होतं, करमाडपर्यंतच्या शेतांवर कारखान्यांचे पत्रे चढत होते, आणि नळाला पाणी मात्र नव्हतं. त्या टंचाईच्या वर्षांत फौजीमामा आपल्या फाटकावर खडूने टँकरची पाळी लिहीत. स्वतःचं नाव कायम शेवटी. "मामा, लग्न का नाही केलं हो?" असं हंड्याच्या रांगेतल्या बायका विचारायच्या. ते डोळे मिचकावून माझ्याकडे बोट दाखवायचे, "ह्या बाईंनी नाय म्हनलं ना!" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, आणि घरात जाऊन कधी कधी रडायचे.

एकदाच मी विचारलं, "एवढा जीव मुठीत धरून राहण्यापेक्षा फौज सोडली का नाही?" त्यांना राग आला. "का सोडू? ती वर्दी बी माझीच व्हती. तेवढं एक खोटं सोडलं तर तिथं बाकी समदं खरं व्हतं." मग म्हणाले, "एकजन व्हता आमच्यात. पत्रं तपासून जायची, म्हनून कधी लिवलं नाय. त्याच्या वरातीत मी नाचलो, बाई. लई नाचलो..." नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कोर्टाने असं प्रेम हा गुन्हा नाही म्हटलं त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "फौजेचा कायदा वेगळा असतोय." पण दुसरा पेढा मागून घेतला.

गेल्या आठवड्यात मनीषाने बोलावलं. पलंगाखालची काळी पेटी तिने उघडली होती; वर पांढऱ्या रंगात नाव, नंबर. "आत्या, यात तुमचा फोटो कसा?" मला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. झाकणात मी होते, उसन्या साडीतली, दोन वेण्यांची. गोंद सुकून एक कोपरा उचकटला होता. मनीषाने तो हलकेच ओढला, आणि मागून दुसरा, लहानसा फोटो निघाला. बनियनवर उभा असलेला एक जवान, तोंड धुताना कुणीतरी हाक मारल्यासारखा वळून हसणारा.

इतकी वर्षं मी त्यांची राखण करत होते असं मला वाटायचं. राखण मी दोघांची करत होते, आणि मला पत्ताच नव्हता.

"हे कोण?" मनीषाने विचारलं.

"तुझ्या काकांचा ज्यांच्यावर जीव होता, ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग झाकणाकडे. मग उठून गोंदाची बाटली घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "परत तुमच्या मागं लावू?"

"नको," मी म्हटलं. "शेजारी लाव."