साडूभाऊ आणि न सापडणारी लायब्ररी

माझ्या मोठ्या साडूंइतका संशयी माणूस बुलढाण्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर साडूंना त्याचाही संशय असेल. एसटीत बसताना ते पाटी वाचतात, कंडक्टरला विचारतात, आणि तरी शेजाऱ्याचं तिकीट मागून पाहतात. दूध घट्ट आलं की दूधवाल्याला विचारतात, "आज काऊन?"

आम्ही दोघं एकाच कॉलेजात नोकरीला. संगणक कक्ष त्यांच्याकडे, आणि तिथे विंडोजऐवजी सगळं लिनक्स. त्यावर एखादं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं की ते आणखी चार लायब्रऱ्या मागतं. म्हणजे दुसऱ्या कोणी तयार करून ठेवलेल्या, त्याला चालायला लागणाऱ्या फायली. बाकीचे 'हो' दाबून चहाला जातात. साडू एकेकीचं नाव वहीत लिहून, सोयरिकीला करावी तशी चौकशी करतात. वर त्या सॉफ्टवेअरलाच सुनावतात, "एकट्याले काम जमत नाही, तं आला कायले?"

गेल्या वर्षी वरवट बकालच्या शिंप्याची रुखसाना परीक्षेला होती. तिला दिसत नाही. संगणक प्रश्न वाचून दाखवणार, ती उत्तरं टाईप करणार. परीक्षेला दोन दिवस उरले, आणि वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर बसेना. एक जुनी लायब्ररी सापडत नव्हती.

"भाऊ, नेटवर एका ठिकाणी दिसते. घेऊ?" मी विचारलं.

"कोनं ठेवली थे? वळखतं का तू त्याले?"

"मग नवी आहे, तिलाच जुनीचं नाव देऊन पाहू."

"तोतया बसवतं? अन् भर पेपरात मुका झाला तं पोरीनं काय कराव बे?"

दीड दिवस ते खुर्चीवरून हलले नाहीत. अधिकृत जुन्या साठ्यात ती लायब्ररी मिळाली, तर तिनं आणखी एक मागितली. दोन्ही अस्सल असल्याच्या खुणा त्यांनी तीनतीनदा पडताळल्या, मग बसवल्या. तरी समाधान नाही. रुखसानाला बोलावून अख्खे तीन तास सराव करायला लावला. शेवटी तीच म्हणाली, "सर, आता बंद करा ना, त्याचा आवाज मले झोपीतई आयकू येईन."

पेपरभर साडू दाराबाहेर उभे होते. आवाज एकदाही अडला नाही.

निकालानंतर ती पेढे घेऊन आली. "कोन्या दुकानातले?" साडूंनी विचारलंच. ती हसली. "सर, तुमच्यावर भरोसा होता, म्हून मी घाबरली नाही."

साडूंनी पेढा तोंडात टाकला. घरी जाताना मला हळूच म्हणाले, "खरं बोलली असन का बे थे?"

"हो भाऊ."

एरवी त्यांनी पुरावा मागितला असता. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले.