अर्जुनरावांशिवाय पेपर

धाड गावच्या बसस्टँडजवळ खुर्शीदभाईंचं शिलाईचं दुकान आहे. तिथं तीस वर्षं रोज सकाळी अर्जुनराव मोठ्यानं पेपर वाचतात, खुर्शीदभाई मशीन चालवत ऐकतात, आणि पटलं नाही की पाय थांबवून भांडतात. पण सोमवारी युद्धबंदीवरून जरा जास्तच झालं. "तुले सरहद्दीतलं काय समजते? तू काज-बटन पाह्य," म्हणून अर्जुनराव उठले ते चार दिवस फिरकलेच नाहीत. पेपर घडी न मोडता पडून राहिले आणि खुर्शीदभाईंचं शिलाईत मनच लागेना.

शेवटी शुक्रवारी ते दुकान उघडं टाकून सगळे पेपर घेऊन अर्जुनरावांच्या घरी गेले. दारात त्यांच्या पत्नी सुभद्राबाई होत्या.

"बरं झालं आले भाऊ. ह्यायले घेऊन जा. चार दिवसांपासून माह्यासंगच युद्धबंदीवर भांडून राह्यले. मी भाजी करू का सरहद्द सांभाळू?"

आतून अर्जुनराव म्हणाले, "तो माफी मागन तं येतो."

"नाही मागत," खुर्शीदभाई म्हणाले. "तुहं म्हननं आजबी चूकच हाय. पन ते सांगाले तू समोर पाहिजे ना बे."

अर्जुनराव चष्मा लावतच बाहेर आले, मंगळवारचा पेपर ओढून घेतला आणि रस्त्यानंच मोठ्यानं वाचत निघाले. खुर्शीदभाई पहिल्याच बातमीला म्हणाले, "थांब."